विमानाने मागवलेले सिलिंडर हेड फुटलेले निघाले. वाहतूकदाराने दावा फेटाळला आहे, पुढे काय करावे?

टीसी_अठ्ठेचाळीस (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे १९४८ सालची एमजी टीसी ही जुनी ब्रिटिश मोटार आहे. तिच्या १२५० सीसी इंजिनाच्या मूळ हेडला (सिलिंडरांवर बसणाऱ्या बिडाच्या झाकणाला) दोन व्हॉल्व्ह सीटच्या मधोमध तडा गेला होता. तो दुरुस्त करण्यापलीकडे गेल्यामुळे वर्षभर शोध घेऊन परदेशातील एका विक्रेत्याकडून त्याच काळातले दुसरे हेड आणि एसयू कार्बोरेटरची एक जोडी मी विकत घेतली. माल विमानाने, एकाच एअरवे बिलावर (हवाई मालवाहतुकीच्या दस्तऐवजावर), तीन नगांत आला : हेडची लाकडी पेटी ३१ किलो, एक कार्बोरेटर आणि इनटेक मॅनिफोल्ड असलेला खोका ६ किलो, आणि दुसऱ्या कार्बोरेटरचा खोका ५ किलो.

माल घरी आला तेव्हा लाकडी पेटीचा एक कोपरा चेपलेला दिसत होता, परंतु पेटी फुटलेली नव्हती, म्हणून माल आणणाऱ्याने पुढे केलेल्या यंत्राच्या पडद्यावर मी काहीही न लिहिता सही केली. त्यानंतर मी बाहेरगावी असल्यामुळे पेटी चौथ्या दिवशी उघडली. मॅनिफोल्ड बसते त्या बाजूच्या टोकाच्या स्टडभोवतीचा (हेडमध्ये रोवलेल्या आट्याच्या दांड्याभोवतीचा) बिडाचा तुकडा साफ तुटून खाली पडला होता आणि तिथून पाण्याच्या मार्गाच्या दिशेने केसाएवढी भेग गेलेली होती. पहिल्या खोक्यातील कार्बोरेटरच्या सक्शन चेंबरलाही (वरच्या घुमटालाही) पोचा आला आहे. तिसरा नग सुखरूप आहे.

मी त्याच दिवशी फॉरवर्डरला (माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्या कंपनीला) दूरध्वनी केला. त्यांनी विमान कंपनीकडे बोट दाखवले आणि विमान कंपनीने परत फॉरवर्डरकडे. अखेर काल, म्हणजे माल मिळाल्याच्या दहाव्या दिवशी, फॉरवर्डरचे पत्र आले. त्यात चार कारणे आहेत : माल चांगल्या स्थितीत मिळाल्याची सही आहे; आतले पॅकिंग अपुरे होते; भाग जुना आणि वापरलेला असल्यामुळे भेग आधीचीच असावी; आणि तरीही सद्भावनेपोटी फार तर तुटलेल्या हेडच्या २२ किलो निव्वळ वजनावर ५७२ एसडीआर (हे हिशेबाचे आंतरराष्ट्रीय एकक) एवढी रक्कम देता येईल, तीही अंतिम तडजोड म्हणून. या हेडसाठी मी जे मोजले त्याच्या तुलनेत ही रक्कम अगदीच किरकोळ आहे. शिवाय मी एअरवे बिलावर मालाची पूर्ण किंमत जाहीर केली होती, असे मला तरी वाटत होते. दोन्ही देश माँट्रियल कराराचे (आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीतील जबाबदारीच्या कराराचे) सदस्य आहेत, एवढे मी शोधून काढले आहे. यातून काही मार्ग निघेल का?

फ्रेट_डेस्क

नमस्कार. मालवाहतुकीच्या दाव्यांचे टेबल मी बरीच वर्षे सांभाळले आहे, अर्थात पलीकडच्या बाजूने. त्यामुळे आपल्याला आलेले पत्र मला ओळखीचे वाटते. त्या चार कारणांकडे आपण वळूच, पण त्याआधी एक काम आज, हे वाचून झाल्याबरोबर करा.

१९९९ च्या माँट्रियल करारानुसार मालाचे नुकसान झाले असेल तर ते लक्षात आल्याबरोबर आणि उशिरात उशिरा माल मिळाल्यापासून १४ दिवसांच्या आत वाहतूकदाराकडे लेखी तक्रार करावी लागते. हे दिवस पंचांगातले आहेत, कार्यालयीन कामाचे नव्हेत. म्हणजे शनिवार, रविवार आणि सुट्ट्या यांतच मोजल्या जातात. ही मुदत चुकली तर, वाहतूकदाराने लबाडी केली असल्याखेरीज, त्याच्याविरुद्ध दावाच करता येत नाही. आपला आज अकरावा दिवस आहे आणि आपण सांगता त्यावरून आपल्या हाती फक्त एका दूरध्वनीची आठवण आहे. त्यांचे पत्र आले म्हणजे त्यांना तक्रार कळलेली आहे, असा युक्तिवाद करता येईल; पण ज्या गोष्टीला एक ईमेल पुरते तिथे युक्तिवादावर विसंबून राहू नये. मुदतीच्या आत तक्रार रवाना झाली तरी पुरते, म्हणून रवाना केल्याचा पुरावा जपून ठेवा.

तक्रारीत एअरवे बिलाचा क्रमांक, तिन्ही नगांची वजने, माल मिळाल्याची तारीख, कोणत्या नगात काय मोडले याचे नेमके वर्णन आणि 'या नुकसानीसाठी आपणास जबाबदार धरत आहे' हे स्पष्ट वाक्य असू द्या. नुकसानीचा आकडा आज ठरत नसेल तर तो नंतर कळवीन असे लिहा, पण आकड्यासाठी पत्र अडवून ठेवू नका. पत्र फॉरवर्डर आणि विमान कंपनी या दोघांनाही पाठवा. करार करणारा वाहतूकदार आणि प्रत्यक्ष वाहून नेणारा वाहतूकदार वेगळे असतील तर एकाकडे केलेली तक्रार दुसऱ्याकडेही केल्यासारखीच धरली जाते, त्यामुळे त्यांनी तुमच्याशी खेळलेल्या चेंडूफळीला कायद्यात फारसा आधार नाही. तरीही दोघांना पाठवा.

आता सहीबद्दल. कोरी सही म्हणजे माल चांगल्या स्थितीत पोहोचला असे प्रथमदर्शनी मानले जाते, आणि 'प्रथमदर्शनी' हा त्यातला कळीचा शब्द आहे. उलट पुरावा देऊन हे गृहीत मोडता येते. चेपलेल्या कोपऱ्याचे छायाचित्र सहीच्या दिवशी काढलेले असेल तर ते सोन्याच्या मोलाचे आहे.

आणि आता थोडी कटू बाजू. एअरवे बिलावर किमतीचे दोन वेगळे रकाने असतात, एक वाहतुकीसाठी जाहीर केलेल्या किमतीचा आणि दुसरा सीमाशुल्कासाठी जाहीर केलेल्या किमतीचा. विम्याच्या रकमेचा तिसरा रकाना त्यांच्याजवळच असतो. बहुतेक लोक सीमाशुल्काच्या रकान्यात खरी किंमत लिहितात, वाहतुकीच्या रकान्यात मात्र 'एनव्हीडी' म्हणजे किंमत जाहीर केलेली नाही अशी अक्षरे छापलेली असतात, आणि विम्याच्या रकान्यात फुल्या. तसे असेल तर आपली भरपाई वजनावर मर्यादित होते. ही मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून किलोमागे २६ एसडीआर आहे. त्याआधी ती २२ होती. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक, त्याचे मूल्य पाच चलनांच्या टोपलीवर ठरते. कृपया आपले बिल पाहून रकान्यांत काय आहे ते सांगा.

त्यांनी निव्वळ वजन धरले आहे ते मात्र चूक आहे. कराराची भाषा नगाच्या वजनाची आहे, आतल्या लोखंडाच्या वजनाची नाही. पेटी ३१ किलोची असेल तर तिचेच ८०६ एसडीआर होतात.

बीडकाम

माझा व्यवसाय जुन्या इंजिनांचे ब्लॉक आणि हेड सांधण्याचा आहे, त्यामुळे मी फक्त तिसऱ्या कारणाबद्दल, म्हणजे 'भेग आधीचीच असावी' याबद्दल लिहितो. या आरोपाचे उत्तर कागदात सापडत नाही, ते तुटलेल्या धातूच्या तोंडावर लिहिलेले असते, आणि ते दिवसागणिक पुसले जाते.

बीड नुकतेच तुटले असेल तर तुटलेले तोंड स्वच्छ राखाडी, दाणेदार आणि किंचित चमकणारे दिसते. जुन्या भेगेच्या आत गंज, काजळी, करपलेले तेल किंवा पाण्याच्या मार्गाजवळ पांढरट खवले साचलेले असतात. पुष्कळदा एकाच तुटीत दोन्ही दिसतात : आतला थोडा भाग काळा आणि उरलेला उजळ. याचा अर्थ लहानशी जुनी चीर आधीपासून होती आणि धक्क्याने ती पूर्ण फाटली. असे निघाले तर ते लपवू नका, कारण सर्व्हेअरच्या (नुकसानीची पाहणी करणाऱ्या तज्ज्ञाच्या) भिंगाला ते दिसणारच, आणि एक गोष्ट लपवल्याचे कळले की उरलेल्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

उघडे राखाडी तोंड दमट हवेत काही दिवसांत तांबूस होऊ लागते. आपण पेटी उघडून आठवडा झाला आहे. म्हणून आजच दिवसाच्या उजेडात, शेजारी पट्टी ठेवून, दोन्ही तोंडांची जवळून छायाचित्रे घ्या आणि नंतर दोन्ही तुकडे कोरड्या पिशवीत, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह बंद करून ठेवा. छायाचित्रे होईपर्यंत तेल लावू नका, पुसू नका, ब्रश मारू नका. आणि कृपा करून तुटलेला तुकडा जागेवर बसवून 'अगदी बरोबर बसतो' हे पाहण्याचा मोह आवरा. जुन्या गाड्यांचे आम्ही सारेच लोक हे करतो, आणि त्यात दाणे एकमेकांवर घासून पुरावा नष्ट होतो. भेग कुठवर गेली आहे हे पाहण्यासाठी रंग झिरपवून करायची चाचणी सोपी असते, पण तो रंग तुटीत शिरतो. सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत ती थांबवा. पुढे चुंबकीय भुकटीची चाचणी करून घ्या, बिडासाठी तीच अधिक उपयोगी पडते.

एक गोष्ट विचारायची राहिली. स्टड हेडमध्ये तसेच ठेवून पाठवले होते का? राखाडी बिडात ग्राफाइटच्या पापुद्र्या असतात. दाब ते हवा तेवढा सोसते, ताण मात्र सोसत नाही. बाहेर आलेला स्टड पेटीच्या फळीवर आपटला की तो तरफेसारखा काम करतो आणि मुळाशी असलेला तुकडा उचकटून काढतो. आपण केलेले वर्णन हुबेहूब तसेच आहे. उष्णतेने गेलेले जुने तडे अशा जागी क्वचितच दिसतात. ते आपल्या आधीच्या हेडला गेले तसे व्हॉल्व्ह सीटच्या मधल्या चिंचोळ्या जागेत जातात. हा मुद्दा आपल्या बाजूचा आहे. मात्र स्टड आतच होते हा मुद्दा पॅकिंगच्या वादात आपल्या विरोधात जाऊ शकतो.

कार्बोरेटरबद्दल थोडक्यात सांगतो. एसयूचा सक्शन चेंबर आणि त्यातला पिस्टन कारखान्यातून जुळवलेली जोडी म्हणूनच येतात, आणि त्यांची अदलाबदल करू नये असा नियम आहे. पोचा चेंबरला असला तरी दाव्यात पिस्टनही धरा.

टीसी_अठ्ठेचाळीस

दोघांचेही मनापासून आभार. तक्रार अर्ध्या तासापूर्वी दोन्हीकडे ईमेलने आणि नोंदणीकृत टपालाने रवाना केली आहे. छायाचित्रेही घेतली. तुटलेले तोंड बहुतांश राखाडी आहे, कडेला तांबूस छटा येऊ लागली आहे, आत कुठेही काजळी दिसली नाही. चेपलेल्या कोपऱ्याचे छायाचित्र माल आला त्याच दिवशी काढलेले सापडले. ते मी केवळ 'आले एकदाचे' असे मित्राला कळवण्यासाठी काढले होते.

बिलावर आपण म्हणता तेच आहे : वाहतुकीच्या रकान्यात एनव्हीडी, सीमाशुल्काच्या रकान्यात पूर्ण किंमत, विम्याच्या रकान्यात फुल्या. म्हणजे विमा नाही. विक्रेत्याच्या बिलावर 'सीपीटी' असे लिहिले आहे.

स्टड हेडमध्येच होते. पेटीच्या तळाला हेड कशानेही जखडलेले नव्हते. भोवती फक्त फोमचे सुटे गोळे भरलेले होते आणि हेड त्यांतून खाली सरकून तळाला टेकले होते. हे वाचून मी खचून गेलो होतो, पण मग कागद पुन्हा चाळताना फॉरवर्डरच्या बिलात एक ओळ दिसली : पॅकिंग आणि लाकडी पेटी यांचे शुल्क. विक्रेत्याला विचारले असता त्याने सांगितले की त्याने हेड नुसते कापडात गुंडाळून फॉरवर्डरच्या गोदामात पोहोचते केले होते आणि पेटी त्यांनीच बनवली. याने काही फरक पडतो का?

फ्रेट_डेस्क

पडतो, आणि चांगलाच पडतो. सदोष पॅकिंगमुळे नुकसान झाले तर वाहतूकदार सुटतो हे खरे, पण करारात त्याला दोन अटी आहेत. पहिली अशी की ते पॅकिंग वाहतूकदार, त्याचे नोकर किंवा त्याचे हस्तक यांच्याव्यतिरिक्त दुसऱ्या कोणी केलेले असले पाहिजे. दुसरी अशी की हे सारे सिद्ध करण्याचा भार वाहतूकदारावर असतो आणि त्याने जितके सिद्ध केले तितक्यापुरताच तो सुटतो. नुसते 'पॅकिंग अपुरे होते' असे पत्रात लिहिणे म्हणजे सिद्ध करणे नव्हे.

म्हणून आता पाहायची गोष्ट ही की एअरवे बिल कोणाच्या नावाचे आहे. फॉरवर्डरने स्वतःचे हाउस एअरवे बिल दिले असेल आणि त्यावर तो वाहतूकदार म्हणून उभा असेल, तर तोच करार करणारा वाहतूकदार ठरतो आणि पेटीही त्यानेच बनवलेली असल्यामुळे पॅकिंगची ढाल त्याच्या हातून गळून पडते. उलट बिल थेट विमान कंपनीचे असेल आणि फॉरवर्डरने फक्त विक्रेत्याचा एजंट म्हणून सही केली असेल, तर विमान कंपनीला पॅकिंगचा बचाव घेता येईल. मग पेटी बनवण्याचे पैसे घेऊन ती नीट न बनवल्याबद्दल फॉरवर्डरवर वेगळा दावा उभा राहतो, आणि त्याला त्याच्या व्यापारी अटींतल्या मर्यादा लागू होतील. हे दोन रस्ते एकाच पत्रात मिसळू नका.

पेटीच्या फळ्या पाहा. आंतरराष्ट्रीय वाहतुकीत कच्च्या लाकडाच्या पॅकिंगवर आयएसपीएम १५ या मानकाचा शिक्का असावा लागतो. एका बाजूला धान्याच्या लोंबीसारखे चिन्ह, दुसऱ्या बाजूला देशाची अक्षरे, बनवणाऱ्याचा किंवा प्रक्रिया करणाऱ्याचा क्रमांक आणि प्रक्रियेची खूण. लाकूड किडीसाठी तापवले असेल, म्हणजे गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला ३० मिनिटे, तर 'एचटी' ही अक्षरे दिसतील. त्या क्रमांकाने एकट्याने काही ठरत नाही, कारण फॉरवर्डर तयार पेट्याही विकत आणतात. पण बिलातली ओळ, विक्रेत्याचे म्हणणे आणि हा क्रमांक यांची सांगड बसली तर पेटी कोणाची हा वाद उरणार नाही. पेटी, सुटे गोळे, आतले कापड, सगळे जपून ठेवा. पेटी जाळून टाकली म्हणून बुडालेले दावे मी पाहिले आहेत.

'सीपीटी'बद्दल मला वाईट वाटते. या अटीत विक्रेता भाडे भरतो, पण माल पहिल्या वाहतूकदाराच्या हाती गेला की जोखीम खरेदीदाराची होते, आणि विम्याचे बंधन कोणावरच नसते. एका अक्षराने वेगळी असलेली 'सीआयपी' अट असती तर इन्कोटर्म्स २०२० (आंतरराष्ट्रीय व्यापार-अटींचा संच) प्रमाणे विक्रेत्याला करारकिमतीच्या किमान ११० टक्के रकमेचा आणि इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉज 'अ' दर्जाचा, म्हणजे सर्वांत व्यापक, विमा काढावा लागला असता. अर्थात त्या विम्यातही अपुऱ्या पॅकिंगचा अपवाद असतोच.

रनिंगबोर्ड

एक शंका आहे. पेटी उलटी टाकली, फोर्कलिफ्टवरून पाडली, अशी घोर बेपर्वाई सिद्ध केली तर वजनाची मर्यादा मोडून पूर्ण किंमत मिळते, असे मी ऐकले आहे. मग वजनाच्या हिशेबात अडकण्याऐवजी तिकडेच जोर का लावू नये?

(आणि एक अवांतर : काटेकोर भाषेत १९१९ ते १९३० मधल्या गाड्यांनाच व्हिंटेज म्हणतात, त्यामुळे टीसी त्यात बसत नाही. पण बीड कोणत्याही सालचे असो, फुटते सारखेच.)

फ्रेट_डेस्क

आपण ऐकले ते जुन्या, १९२९ च्या वॉर्सा करारापुरते खरे होते. माँट्रियल करारात जाणूनबुजून केलेल्या किंवा बेदरकार कृतीमुळे मर्यादा उठण्याची तरतूद आहे, पण ती प्रवाशांना झालेला विलंब आणि त्यांचे सामान यांच्यापुरती. मालाच्या बाबतीत मर्यादा मोडत नाही. ती ओलांडण्याचा मार्ग एकच, माल सुपूर्द करतानाच वाहतुकीच्या रकान्यात किंमत जाहीर करून त्यासाठी मागितलेले जादा शुल्क भरणे. पेटी कशी पडली याचा तपास करण्यात वर्ष घालवले तरी आकडा बदलणार नाही.

आकडा बदलू शकतो तो नगांच्या मोजणीत. दोन नग बाधित आहेत, ३१ आणि ६ किलो, मिळून ३७. त्याचे ९६२ एसडीआर. शिवाय एका नगातील नुकसानीमुळे त्याच एअरवे बिलावरील दुसऱ्या नगाची किंमत घटत असेल तर त्याचेही वजन धरावे लागते. कार्बोरेटरची जोडी एकत्र वापरायची असते आणि जोडीतला एक निकामी झाला की दुसऱ्याची किंमत उतरते, असे दाखवता आले तर तिसऱ्या नगाचे ५ किलो मिळून ४२ किलो आणि १०९२ एसडीआर होतात. इथे फरक लहान आहे, त्यामुळे त्यासाठी भांडावे की नाही हे आपण ठरवा. मोठ्या दिव्यांची जोडी दोन पेट्यांत असती तर मी नक्की भांडलो असतो. हेड फुटल्यामुळे कार्बोरेटरची किंमत घटली असे मात्र म्हणू नका, ते टिकणार नाही. आणि मर्यादा ही कमाल आहे हे लक्षात ठेवा. प्रत्यक्ष नुकसान त्याहून जास्त होते याचा पुरावा, म्हणजे खरेदीचे बिल आणि दुरुस्तीचा अंदाज, सोबत जोडावाच लागतो.

जुने_ब्लॉक

मी समुद्रमार्गे मागवलेल्या रेडिएटरचा दावा हरलो, त्याचे कारण इथे नोंदवून ठेवतो. जहाजाच्या मालाला लागू असलेल्या हेग-व्हिस्बी नियमांत, न दिसणाऱ्या नुकसानीची लेखी सूचना तीन दिवसांत द्यायची असते. ती चुकली म्हणून हक्क बुडत नाही, पण माल चांगला पोहोचला असे गृहीत आपल्या विरुद्ध उभे राहते. मी तेही निभावून नेले असते. पण दावा दाखल करण्याची मुदत एका वर्षाची असते आणि माझे ते वर्ष 'आम्ही विचार करत आहोत' अशा गोड पत्रव्यवहारातच संपले. मुदतवाढ लेखी मागायला हवी होती, हे मला तेराव्या महिन्यात कळले. विमानाच्या मालाला ती मुदत दोन वर्षांची आहे, पण गोड पत्रे तिकडेही येतात.

मर्यादेचा हिशेबही मार्गागणिक वेगळा असतो आणि तो माल पाठवण्याआधी पाहावा असे मला वाटते. समुद्रात नगामागे ६६६.६७ एसडीआर किंवा किलोमागे २ एसडीआर, यांतले जे जास्त ते. म्हणजे आपल्या ६ किलोच्या खोक्याला विमानात १५६ एसडीआर मिळतात, तर जहाजात तोच खोका बिल ऑफ लेडिंगवर (जहाजी मालाच्या दस्तऐवजावर) स्वतंत्र नग म्हणून नोंदलेला असेल तर त्याची मर्यादा ६६६.६७ होते. हलक्या पण मौल्यवान भागांना, घड्याळे, कार्बोरेटर, मॅग्नेटो यांना, जहाजाचा हिशेब अनुकूल पडतो. जड ब्लॉकला विमानाचा. बिलावर 'एक पॅलेट, जुने सुटे भाग' असे मोघम लिहिले तर सगळा पॅलेट मिळून एकच नग धरला जाण्याची भीती असते, म्हणून तिथे नग मोजून लिहायला लावा. युरोपातील रस्तेवाहतुकीच्या सीएमआर करारात तर किलोमागे केवळ ८.३३ एसडीआर आहेत. हे तिन्ही आकडे पाहिले की वेगळा विमा काढण्याचा आळस आपोआप जातो.

बीडकाम

दुरुस्तीच्या अंदाजाचा उल्लेख आला म्हणून पुन्हा लिहितो. तुटलेला तुकडा हाती असेल आणि भेग ज्वलनकक्षात शिरली नसेल तर हे हेड वाचू शकते. भेगेला ओळीने छिद्रे पाडून त्यांत एकमेकांत अडकणारे आटे असलेल्या पिना बसवण्याची पद्धत आहे, तिला आम्ही धातूची शिवण म्हणतो. त्यात उष्णता लागत नसल्यामुळे हेड वाकण्याची भीती नसते. स्टडभोवतीचा तुकडा मात्र हेड सावकाश तापवून, निकेलच्या रॉडने जोडून, तितक्याच सावकाश निववावा लागेल. घाईने थंड केले तर वेल्डच्या शेजारी नवी भेग जाते. हे सांगण्याचे कारण असे की समोरच्यांनी सर्व्हेअर पाठवला तर तो 'दुरुस्त होण्याजोगे' असे लिहील, आणि त्याला 'हो, पण इतक्या खर्चाने, आणि दाबाची चाचणी उत्तीर्ण झाली तरच' असे म्हणणारा लेखी अंदाज आपल्या हाती असावा.

पुढच्या वेळेसाठी : स्टड काढायला लावा, हेडच्या दोन्ही तोंडांना प्लायवूडच्या पाट्या बोल्टने आवळून घ्या आणि त्या पाट्या पेटीच्या तळाला जखडा. सुटे गोळे काचेच्या बरण्यांसाठी ठीक आहेत, २२ किलोच्या बिडासाठी नाहीत.

टीसी_अठ्ठेचाळीस (पाच आठवड्यांनंतर)

इतक्या सविस्तर लिहिणाऱ्यांना पुढचे कळवणे माझे कर्तव्य आहे. बिल फॉरवर्डरच्याच नावाचे हाउस एअरवे बिल निघाले. पेटीच्या शिक्क्यावरचा क्रमांक, पॅकिंगच्या शुल्काची ओळ आणि विक्रेत्याचे लेखी निवेदन मी एकत्र पाठवले, त्यानंतर पॅकिंगचा मुद्दा त्यांच्या पत्रांतून नाहीसा झाला. त्याबद्दल त्यांनी एक शब्दही लिहिला नाही, तो नुसता येईनासा झाला. सर्व्हेअर येऊन गेला. त्याने तूट ताजी असल्याचे नमूद केले आहे, मात्र पाण्याच्या मार्गाजवळच्या शेवटच्या काही मिलिमीटर भेगेबद्दल 'निश्चित सांगता येत नाही' असे लिहिले आहे. मलाही ते सांगता आले नसते.

आता त्यांनी पेटीपुरते ८०६ एसडीआर मान्य केले आहेत. कार्बोरेटरच्या खोक्यावर बाहेरून काहीच खूण नसल्यामुळे त्याला ते नकार देत आहेत, आणि ८०६ साठीही सर्व हक्क सोडल्याच्या पावतीवर सही मागत आहेत.

फ्रेट_डेस्क

त्या पावतीवर सही करू नका. फक्त पेटीच्या नगापुरती, तिचे वजन आणि क्रमांक लिहून पावती द्या, आणि खोक्याचा दावा कायम असल्याचे त्याच कागदावर नोंदवा. ते पैसे अडवून धरतील, तर मान्य केलेली रक्कम दुसऱ्या नगाच्या वादासाठी का रोखून धरली आहे असे लेखी विचारा. या प्रश्नाचे उत्तर फाइलमध्ये ठेवणे कोणत्याही दावा-विभागाला आवडत नाही. खोक्याबद्दल म्हणाल तर बाहेर खूण नसणे म्हणजे आत धक्का बसला नाही असे होत नाही. आतले आवरण दाबले गेले आहे का ते पाहा आणि त्याची छायाचित्रे पाठवा. दोन वर्षांची मुदत माल पोहोचल्याच्या तारखेपासून मोजली जाते; ती तारीख दिनदर्शिकेवर आजच लिहून ठेवा.

टीसी_अठ्ठेचाळीस

लिहिली. खोक्यातला पुठ्ठ्याचा आतला कप्पा एका बाजूने चुरगळलेला आहे, पोचा आला त्याच बाजूने. त्याची छायाचित्रे आज पाठवत आहे. हेड शिवणीच्या कामासाठी कारखान्यात गेले आहे. तुटलेल्या तोंडाचा एक चपटा तुकडा मात्र सर्व्हेअरच्या सल्ल्याने न जोडता पिशवीतच ठेवला आहे.